मूळ इंजिन : राखावे की बदलावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्या पाठोपाठ एका जुन्या ट्रकच्या इंजिनावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो आहोत, यात आमचा दोष नाही; विषय कार्यकारिणीने नेमून दिला आहे. आम्ही बी. ए. झालेले. केंद्र सरकारच्या नोकरीत आजवर ज्या यंत्राशी आमचा निकटचा संबंध आला ते टंकलेखन यंत्र, आणि पुढे संगणक. या जमशेदपुरात तर कोणत्याही सभेत दर दोन खुर्च्यांमागे एक अभियंता बसलेला असतो. असे असता ट्रकसमितीचे अध्यक्षपद आमच्याकडे का आले? उत्तर सोपे आहे. समितीत तीन अभियंते होते आणि त्यांची मते चार होती. ज्याला काहीच कळत नाही असा एक मनुष्य मध्ये बसवावा, म्हणजे निदान इतिवृत्त तरी नीट लिहिले जाईल, असा कार्यकारिणीचा हिशेब असावा.

प्रकरण आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. 2023 च्या अनंत चतुर्दशीला आपला गणपती दोमुहानीकडे निघाला होता. निम्मी वाट सरली असेल नसेल, तोच ट्रकच्या नाकातून वाफेचा लोट उठला, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. लेझीम थांबले. तरुण मंडळींनी काही अंतर गाडी ढकलली. पुढे कोणीतरी ट्रॅक्टर आणला आणि आपला बाप्पा ट्रॅक्टरच्या साखळीला बांधलेल्या ट्रकवरून सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमावर पोहोचला. त्या रात्री फारसे कोणी कोणाशी बोलले नाही.

ही गाडी मंडळाकडे कशी आली हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे; नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1960 सालचा हा टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक, 312 या जातीचा, पुढे लांब नाक असलेला. आपल्यातील एका गृहस्थांनी तो कर्ज काढून घेतला, स्वतः चालविला, त्यावर संसार उभा केला. पहिल्या वर्षापासून मंडळाचा गणपती त्याच ट्रकवरून गेला. गृहस्थ गेल्यावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे आपल्या सर्वांच्या काकूंनी, गाडी मंडळाला देऊन टाकली. तेव्हापासून ती सभागृहामागील पत्र्याच्या शेडमध्ये अकरा महिने उभी असते आणि एक दिवस चालते.

जन्माने ती याच गावची आहे. टेल्को ही कंपनी 1945 साली निघाली ती रेल्वेची इंजिने बांधण्यासाठी. 1954 साली तिने जर्मनीतील डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी येथून ट्रक बाहेर पडू लागले. या कारखान्याची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली ते सुमंत मुळगावकर. त्यांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे पुढे ‘सुमो’ या गाडीला मिळाली, हे आपणांस माहीत असेलच. 1969 साली करार संपला आणि बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे टाटांचे अक्षर आले. आपल्या गाडीवर अजून तारा आहे. तो तीनदा चोरीस गेला आणि तीनदा भंगारबाजारातून आपणच विकत आणला. तिन्ही वेळा तो आपलाच होता की काय, हे सांगवत नाही.

या ट्रकचे इंजिन ओ. एम. 312 या नावाचे. सहा सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, 120 मिलिमीटर स्ट्रोक, एकूण 4580 घन सेंटिमीटर. डिझेल थेट सिलिंडरात न फवारता आधी हेडमधील एका लहानशा कोठडीत फवारले जाते. तेथे पेट घेऊन ज्वाला मुख्य सिलिंडरात उतरते. त्यामुळे इंजिनाचा आवाज मृदू राहतो. पण थंडीत ते सुरू करायचे तर आधी हीटर प्लग तापवून वाट पाहावी लागते. पुढे टाटांनी याच घराण्यातून 692 आणि 697 ही इंजिने काढली. त्या आकड्यांचा अर्थ आम्हांला या समितीत प्रथम कळला : पहिला अंक सिलिंडरांचा, उरलेले दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर, म्हणून 697. मेट्रिकला बीजगणिताऐवजी असे काही शिकविले असते तर आम्हीही कदाचित अभियंते झालो असतो.

आता मतांकडे वळू. पहिल्या अभियंत्यांचे मत असे की, जुने इंजिन काढावे आणि चांगल्या अवस्थेतील 697 बसवावे. घराणे एकच असल्याने फार तोडमोड पडत नाही, डिझेल थेट फवारले जाते म्हणून थंडीत कुरकुर नाही, आणि सुटे भाग कोणत्याही हमरस्त्यावरच्या दुकानात मिळतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांचे पोट या गाड्यांवर होते, त्यांनी हेच केले, आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. गाडी रांचीच्या घाटात अडकली असता मूळ इंजिनाचा अभिमान जेवू घालत नाही.

दुसऱ्यांचे मत याच्या उलट. इंजिन बदलले की मागे उरते ते जुन्या पत्र्याचे खोके. देवळाचा जीर्णोद्धार करताना शिखर नवे बांधतात, सभामंडप नवा बांधतात, पण गाभाऱ्यातली मूर्ती तीच ठेवतात, असा दृष्टांत त्यांनी दिला. त्यावर तिसऱ्यांनी विचारले की, मूर्ती खंडित झाली असेल तर काय करतात? खंडित मूर्तीचे विसर्जन करतात. म्हणजे आधी मूर्ती खंडित आहे की केवळ शेंदराची खपली पडली आहे, ते पाहावे लागेल. आमच्या मते सगळ्या चर्चेतले सर्वांत उपयोगी वाक्य हेच होते, कारण तोवर इंजिन कोणी उघडूनच पाहिले नव्हते. चौथे मत दुसऱ्याच अभियंत्यांचे, पण दुसऱ्या दिवशीचे.

नियमांचा विषय निघाला की मंडळी आमच्याकडे पाहतात, म्हणून तेवढा भाग उरकून घेतो. नोंदणीपत्रात चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही असतो, आणि 1988 च्या मोटारवाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार मनास येईल तसे करू देत नाही. तेव्हा इंजिन बदलणे हा नुसत्या पान्याचा विषय नसून अर्जाचाही आहे. 2021 साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने वाहन हवे, आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांतील अट आहे. मात्र ते नियम दुचाक्यांपुरते आणि खाजगी मोटारगाड्यांपुरते आहेत. मालवाहू ट्रकला त्यांत स्थान नाही. शिवाय इंग्लंडातील जाणकार 1930 नंतरच्या गाडीस व्हिंटेज म्हणतच नाहीत. आपल्या ट्रकला व्हिंटेज म्हणावे की नुसते म्हातारे, यावर समितीने वेळ घालविला नाही.

काकूंना विचारावे असे ठरले आणि ते काम आमच्यावर आले. आम्ही मनात भाषण जुळवून गेलो होतो : काकांच्या हातचे इंजिन, त्यांची आठवण, वगैरे. काकूंनी ते अर्ध्यावर तोडले. म्हणाल्या, “अहो, ह्यांनी त्या इंजिनाला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कोणाला दिल्या नाहीत. चढावर धूर ओकायचं, थंडीत सुरू व्हायला रडायचं. तुम्हांला राखायचं तर राखा, बदलायचं तर बदला. त्या रात्री गाडी साखळीने ओढत नेलेली मी गॅलरीतून पाहिली. तेवढं पुन्हा दाखवू नका.” त्यांचे वय त्या वेळी ब्याऐंशी होते. आम्ही चहा घेऊन परत आलो आणि इतिवृत्तात लिहिले : ‘देणगीदारांची कोणतीही अट नाही.’ ते वाक्य कागदावर खरे होते.

इंजिन उघडण्यासाठी मानगो भागातील एक वृद्ध मिस्त्री मिळाले. सत्तरी ओलांडलेली, हात थोडे कापतात, पण मायक्रोमीटर हातात आला की कापत नाहीत. त्यांनी पहिल्याच भेटीत जे विचारले ते आमच्या तीन अभियंत्यांपैकी कोणीही विचारले नव्हते. ते म्हणाले, “साहेब, राखायचे की बदलायचे ते मागाहून. आधी सांगा, हे मेले कशाने?”

त्याचे उत्तर शोधण्यात चार दिवस गेले, आणि आमच्या मते या प्रकरणाचा गाभा त्या चार दिवसांत आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढले तर आतून लोण्यासारखा पांढरट थर. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेले. हेड उतरविले. गॅस्केट दोन ठिकाणी जळालेले, आणि चौथ्या सिलिंडरच्या वर दोन व्हॉल्व्हांच्या बैठकींमध्ये केसासारखी बारीक चीर. दोन पिस्टनच्या रिंगा खाचांतच चिकटून बसलेल्या. बोअरच्या वरच्या भागात गंजाचे टिपके. ही झीज कामाची नव्हती, उभे राहण्याची होती. चालत्या इंजिनात ऑइलचा पातळ थर सिलिंडरच्या भिंतीवर सतत फिरत असतो. अकरा महिने उभ्या गाडीत तो निथळून जातो आणि ओलसर हवा आपले काम करते. रेडिएटरमध्ये आपण वर्षानुवर्षे नळाचे साधे पाणी ओतत आलो. त्याने आतून गंज धरला आणि निम्म्या नळ्या बुजल्या. पंपात राहिलेले डिझेल चिकट झाले.

हे सर्व असूनही गाडी त्या रात्री कदाचित संगमापर्यंत गेली असती. पण मिरवणुकीत ती चालते माणसाच्या पावलाने, पहिल्या गिअरात. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्याच गतीने फिरणारे, म्हणजे तेही संथ. आणि रेडिएटरच्या जाळीवर आपण काय बांधले होते? रुंद कापडी फलक, त्यावर झेंडूच्या माळांचे चार पदर. वाऱ्याला वाटच नव्हती. फलक जाळीवर बांधावा ही सूचना कोणाची होती, हे इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त आम्ही लिहितो.

मृत्यूचे कारण असे निश्चित झाल्यावर मूळ प्रश्नाचा चेहरा पालटला. उद्या 697 आणून बसविले असते, तर तेही त्याच शेडमध्ये अकरा महिने उभे राहिले असते, त्याच नळाचे पाणी प्याले असते, आणि त्याच झेंडूच्या माळांखाली गुदमरले असते. नव्या इंजिनाने जे दुखणे बरे होणार होते ते आपल्या इंजिनाला नव्हतेच. ज्याला रोज दोनशे किलोमीटर माल वाहायचा आहे, त्याने इंजिन बदलावे. त्याचे दुखणे झिजेचे आणि वाटेत न मिळणाऱ्या भागांचे. आपली गाडी वर्षातून एकदा गावातल्या गावात जाते. अधिक जोर आपल्याला कशासाठी हवा? शिवाय तो जोर पेलणारे ब्रेक, गिअरबॉक्स आणि मागचा आस 1960 च्याच हिशेबाचे राहिले असते, ही गोष्ट तिसऱ्या अभियंत्यांनी वेळीच लक्षात आणून दिली.

तरीही निर्णय लगेच झाला नाही, कारण ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट यांची परीक्षा बाकी होती. इंजिनात बाकी सारे बदलता येते. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, पंपाचे अंतरंग. ज्यावर क्रमांक ठोकलेला असतो तो ब्लॉक आणि त्यात फिरणारा क्रँक, हेच खरे मूळ. ब्लॉकला सर्व तोंडे बंद करून दाबाने पाणी भरून पाहिले. कोठे पाझर नव्हता. क्रँक आदित्यपूरच्या एका कारखान्यात नेऊन चुंबकाने आणि लोहचूर्णाने तपासला; चीर असती तर चूर्ण त्या रेषेवर गोळा झाले असते. तसे झाले नाही. या दोहोंपैकी एकात जरी दोष निघाला असता, तरी आम्ही 697 च्या बाजूने मत दिले असते आणि जुना ब्लॉक ग्रीस लावून शेडमध्ये जपून ठेवा, चासीला मात्र कोठे कापू नका, एवढीच शिफारस केली असती.

मापे घेतली तेव्हा एक गोष्ट उघड झाली. क्रँक पूर्वी एकदा घासून अर्धा मिलिमीटर बारीक केलेला होता. म्हणजे काकांनी तो एकदा काढला होता, आणि त्याची नोंद कोठेही नव्हती. असे घासकाम पाव पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी करतात आणि दर पायरीस तेवढी जाड बेअरिंगे घालतात. पण या पायऱ्या मोजक्या असतात. मूळ इंजिन राखण्यासाठी दर वेळी त्याचाच थोडा भाग घासून टाकावा लागतो, हे आमच्यासारख्या फाईलवाल्या माणसाला चमत्कारिक वाटले. कारखान्यातले लोक म्हणाले, उघडलेच आहे तर पुढच्या मापाला घासून टाकू, एकदाचे निर्धास्त व्हाल. मिस्त्रींनी साफ नकार दिला. झीज मर्यादेत आहे, गाडी वर्षाला फार चालत नाही. नुसते पॉलिश करा आणि त्याच मापाची नवी बेअरिंगे घाला. पुढची पायरी पुढच्या पिढीसाठी ठेवा. आमच्या दोन अभियंत्यांना हे पटले नाही. आम्ही अध्यक्ष या नात्याने मिस्त्रींच्या बाजूने मत दिले. समितीच्या सबंध कारकिर्दीत आम्ही वापरलेला तो एकमेव अधिकार.

बोअरमध्ये लायनर बसवून ते मूळ 90 वर आणले. पंप आणि नोझल तपासणीच्या बाकावर चढवून सहाही सिलिंडरांना सारखे डिझेल जाते की नाही ते पाहिले. खरी अडचण आली ती हेडची. बिडाला पडलेली चीर सांधणे फार नाजूक काम. सर्व हेड समान तापवून, सांधून, मग राखेत हळूहळू निवू द्यावे लागते, आणि एवढे करून व्हॉल्व्हांच्या मधली जागा तोंडाशी पुन्हा फुटणार नाही याची हमी कोणी देत नाही. शेवटी खरगपूरकडच्या एका भंगारवाल्याकडे त्याच जातीचे दुसरे हेड मिळाले. तेव्हा आपले इंजिन मूळ आहे असे कोणी अभिमानाने सांगू लागले तर त्याने मानेपर्यंत मूळ असे म्हणावे. डोके परके आहे. खर्च मात्र जुन्या बाजारातल्या 697 च्या जवळजवळ दीडपट झाला, आणि खजिनदारांनी तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला.

मिस्त्रींची एक अट होती. काम ते करतील, पण शेजारी मंडळाची दोन मुले रोज उभी राहिली पाहिजेत. “हे इंजिन मी बांधीन. पुढच्या वेळी कोण बांधणार?” असे ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या मुलाने मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढले आहे. आपल्यातील एक मुलगा आणि एक मुलगी सहा रविवार तेथे गेली. त्यांच्या वहीत प्रत्येक बोल्ट किती आवळायचा ते लिहिलेले आहे. वही मिस्त्रींना वाचता येत नव्हती, म्हणून ती त्यांनी मुलीकडून मोठ्याने वाचून घेतली आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली.

2024 च्या अनंत चतुर्दशीला, 17 सप्टेंबरला, गाडी स्वतःच्या पायांनी निघाली. जाळी मोकळी होती. फलक पाठीमागे बांधला होता. काकूंच्या इमारतीपाशी चालकाने, आम्ही न सांगता, थोडा थांबा घेतला. काकू गॅलरीत होत्या. खाली येऊन त्यांनी नारळ वाढविला, बॉनेटवर हात ठेवला, आणि आम्हांस जवळ बोलावून म्हणाल्या, “धूर तेवढाच आहे हो.”

मिस्त्रींच्या सांगण्यावरून शेडमध्ये आता एक तक्ता टांगला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंजिन अर्धा तास चालवायचे, गाडी आवारात दोन फेऱ्या न्यायची, रेडिएटरमध्ये साधे पाणी न घालता गंज रोखणारे द्रव्य मिसळलेलेच घालायचे, आणि खाली सही करायची. पाळ्या वाटून दिल्या आहेत. ऑक्टोबरची सही आहे, डिसेंबरची आहे, जानेवारीची आहे. नोव्हेंबरचा रकाना रिकामा आहे. त्या रविवारी पाळी आमची होती.